कॉन्कॉर्डचा हेन्री थोरो

तुमच्या घरात इंग्रजी साहित्य घेऊन पदवी परीक्षेला बसणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हेन्री डेव्हिड थोरो हे नाव तुमच्या कानावरून गेले असण्याचा संभव आहे. आमच्या सिहोऱ्यात घरी मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेपुरती इंग्रजी असा त्रिवेणी संसार चालतो. त्यामुळे अमेरिकेतील अभिजात ग्रंथ मुलांच्या हाती येतात ते बाजारात मिळणाऱ्या कुंजीच्या रूपाने. थोरोच्या नावाखाली कुंजीत चार ओळी असतात: निसर्गप्रेमी, इमर्सनचा शिष्य, तळ्याकाठी झोपडी बांधून राहिला, महात्मा गांधींवर त्याचा प्रभाव पडला. एवढे पाठ केले की दहा गुणांची सोय होते. ज्याने ते पुस्तक लिहिले तो माणूस मात्र परकाच राहतो. वास्तविक ज्या प्रश्नाशी तो झगडला तो तुमच्या घरातलाच आहे. पदवी हाती आली, घरच्यांनी पैसा ओतला, आता पुढे काय?

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स संस्थानातील कॉन्कॉर्ड या लहान गावी झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपून जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले, हे लक्षात ठेवले म्हणजे काळाचा अंदाज येतो. बाप जॉन थोरो आधी व्यापारात बुडालेला. पुढे त्याने शिसपेन्सिली बनविण्याचा घरगुती कारखाना काढला आणि त्यात थोडा स्थिरावला. आई सिंथिया घरात खानावळीवजा भाडेकरू ठेवून संसाराला हातभार लावी. चार भावंडे. घरात पैसा बेताचा, परंतु एका मुलाला तरी हार्वर्डला पाठवायचे असे ठरले, आणि आई, बहीण, आत्या यांनी पै पै जोडून हेन्रीला १८३३ मध्ये तेथे धाडले.

१८३७ मध्ये तो पदवी घेऊन परत आला, ते वर्ष अमेरिकेत मोठ्या आर्थिक संकटाचे होते. बँका कोसळल्या होत्या, नोकऱ्या मिळत नव्हत्या. तरीही हेन्रीला गावच्या सार्वजनिक शाळेत मास्तरकी मिळाली. शिकलेल्या मुलाला गावातच पगाराची जागा मिळाली म्हणजे आईबापांना केवढे समाधान वाटते, हे मी तुम्हांला सांगायला नको. ही नोकरी सुमारे दोन आठवडे टिकली. शाळा समितीच्या एका सभासदाने वर्गात येऊन पाहिले आणि मास्तर मुलांना छडी मारत नाही, अशाने शिस्त राहणार नाही, अशी ताकीद दिली. हेन्रीने त्याच दिवशी काही मुलांना बोलावून छड्या मारल्या आणि संध्याकाळी राजीनामा दिला. ज्या मुलांनी काही केले नव्हते त्यांनी त्या छड्या का खाव्यात, हा प्रश्न येथे उरतोच, आणि थोरोच्या भक्तांनी तो फारसा विचारलेला नाही.

दुसऱ्या वर्षी त्याने व थोरला भाऊ जॉन याने स्वतःची शाळा काढली. तेथे छडी नव्हती. आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन हे दोघे रानात, नदीवर, गावातल्या कारागिरांच्या कामाच्या जागी जात. हेन्री अबोल आणि काटेकोर, तर जॉन मुलांचा लाडका. शाळा चांगली चालली होती, पण जॉनला क्षयाने ग्रासले आणि १८४१ मध्ये ती बंद करावी लागली. पुढच्या जानेवारीत जॉन वस्तरा परजताना बोटाला किंचित कापला. जखम क्षुल्लक होती, पण तिच्यातून धनुर्वात झाला आणि काही दिवसांत त्याने हेन्रीच्या हातांत प्राण सोडला. हेन्रीच्या मनावर याचा असा आघात झाला की स्वतःला जखम नसताना त्याच्याही अंगात धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. तो त्यातून उठला, परंतु पुढे अनेक वर्षे भावाचे नाव निघाले की त्याच्या डोळ्यांत पाणी येई. या दोघा भावांनी एकाच मुलीला मागणी घातली होती आणि दोघांनाही नकार मिळाला होता. हेन्रीने पुढे लग्न केले नाही.

मग तो बापाच्या कारखान्यात राबला. अमेरिकन पेन्सिली त्या काळी तेलकट आणि ठिसूळ असत. हेन्रीने ग्रंथालयात शोध घेऊन, शिशात विशिष्ट माती मिसळून आणि दळण्याचे यंत्र सुधारून देशातील उत्तम पेन्सिल तयार केली. लोकांना वाटले, आता हा पैसा करणार. पण एकदा चांगली पेन्सिल बनविता आली, आता तीच जन्मभर का बनवावी, असा त्याचा विचार होता. गावात त्याची प्रतिमा चांगली नव्हती. १८४४ मध्ये एका मित्राबरोबर मासे भाजताना त्याने पेटवलेला विस्तव पसरला आणि कॉन्कॉर्डचे सुमारे ३०० एकर रान जळून गेले. रानावर जीव टाकणाऱ्या या माणसाला गावकरी कित्येक वर्षे रान जाळणारा म्हणून ओळखीत.

त्याच गावात राल्फ वाल्डो इमर्सन राहत होता. हा पूर्वी बॉस्टनमध्ये मंडळीचा पाळक होता. प्रभुभोजनाच्या विधीविषयी मतभेद होऊन १८३२ मध्ये त्याने ते पद सोडले होते. हेन्रीपेक्षा तो चौदा वर्षांनी मोठा. त्याने हेन्रीला रोजनिशी लिहिण्यास प्रवृत्त केले, आपल्या घरी ठेवून घेतले, आपले ग्रंथालय खुले केले. चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये इंग्रजीत आणलेली भगवद्गीता हेन्रीने वाचली ती याच काळात. वॉल्डन तळ्याकाठी इमर्सनची थोडी जमीन होती. ४ जुलै १८४५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हेन्री तेथे राहायला गेला.

येथे थोडे थांबू या, कारण कुंजीत जे वाक्य एका ओळीत संपते त्यातच सारे सार आहे. झोपडी दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. लोहमार्गावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराचे जुने खोपट विकत घेऊन त्याच्या फळ्या त्याने वापरल्या. सारा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि तो खिळे, बिजागऱ्या, चुना यांसह त्याने पुस्तकात मांडून दाखविला आहे. तो हिशेब वाचताना एखाद्या किराणा दुकानदाराची वही वाचतो आहोत असे वाटते. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला एका खोलीचे वर्षाला ३० डॉलर भाडे पडे. म्हणजे एका वर्षाच्या भाड्याहून कमी पैशांत त्याचे जन्माचे घर झाले. जबलपुरात कोचिंगसाठी खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलांना हा हिशेब कोणत्याही टीकाकाराच्या मदतीशिवाय समजेल. त्याच ठिकाणी तो शिक्षणाविषयीही बोलतो. महाविद्यालयात आपण नौकानयन शिकलो होतो हे बाहेर पडताना कळून त्याला आश्चर्य वाटले, कारण बंदरात एकदा नाव घेऊन गेलो असतो तर अधिक समजले असते, असे तो म्हणतो. विज्ञानाचे प्रात्यक्षिक वहीत उतरवून घेणाऱ्या मुलाला याहून वेगळे स्पष्टीकरण लागू नये.

पहिल्या उन्हाळ्यात सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा लावला. खर्च वजा जाता नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट झाला. अशा नफ्याला कोणी शेतकरी हसेल. पण त्याने वेगळेच गणित मांडले होते. कोणत्याही वस्तूची खरी किंमत पैशात मोजू नये, ती मिळविण्यासाठी आयुष्याचे किती दिवस द्यावे लागले त्यात मोजावी, असे त्याचे म्हणणे. त्याच्या झोपडीजवळून नुकताच आगगाडीचा मार्ग गेला होता. तीस मैलांवरच्या फिचबर्ग गावी जायचे तर गाडीभाडे ९० सेंट, आणि त्या मार्गावर राबणाऱ्या मजुराची रोजची मजुरी ६० सेंट. थोरो म्हणतो, मी आता पायी निघालो तर रात्रीच्या आत पोहोचतो. तुम्ही आधी भाड्याचे पैसे कमावणार, मग गाडीत बसणार, आणि माझ्यानंतर पोहोचणार.

सिहोरा ते जबलपूर अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. १८६७ पासून आपल्याही गावावरून आगगाडी जाते, आणि तिला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु वर्गात हे गणित फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. हप्त्यांवर घेतलेली मोटारसायकल घ्या. तिची किंमत, व्याज, पेट्रोल, विमा यांची बेरीज करा आणि त्या मुलाच्या बापाला किंवा त्या मुलाला स्वतःला एका दिवसाच्या कामाचे जे मिळते त्याने भागा. जो आकडा येईल तो दिवसांचा असेल. महागड्या मोबाइलचेही तसेच. कोणी वस्तू घेऊ नये असे थोरो सांगत नाही. किंमत कशात चुकती होते ते पाहून घ्यावे, एवढे सांगतो. एकदा एखाद्या मुलाने हे भागाकाराचे उदाहरण स्वतः केले की त्याला अमेरिकन साहित्याचा हा भाग पाठ करावा लागणार नाही.

तथापि या ठिकाणी एक सावधगिरीही हवी. तळ्याकाठी असताना थोरो पावसात अडकून जॉन फील्ड नावाच्या गरीब आयरिश मजुराच्या घरात शिरला. घरात बायको, मुले, गळके छप्पर. थोरोने त्याला तेथेच उपदेश केला की चहा, कॉफी, लोणी, मांस सोड, म्हणजे एवढे राबावे लागणार नाही. वाचकहो, हा प्रसंग मला कधीच आवडला नाही. थोरोची झोपडी गावापासून दीड मैलावर होती. तो वरचेवर आईच्या हातचे जेवायला घरी जाई. त्याच्यामागे पोरेबाळे नव्हती. जमीन मित्राची होती. त्याने साधेपणा निवडला होता. फील्डवर तो लादलेला होता. सिहोऱ्याच्या आसपास लोखंडाच्या खाणींवर राबणारी जी कुटुंबे एका खोलीत दिवस काढतात त्यांना साधेपणाचे पाठ देण्यासाठी या पुस्तकाचा उपयोग कोणी करू नये. ते लिहिले गेले आहे ज्यांच्यापाशी निवड करण्याइतके काही आहे त्यांच्यासाठी.

१८४६ च्या जुलै महिन्यात दुरुस्तीला दिलेला जोडा आणण्यासाठी तो गावात आला असता सॅम स्टेपल्स या करवसुली अधिकाऱ्याने त्याला अडविले. थोरोने कित्येक वर्षे डोईपट्टी भरली नव्हती. स्टेपल्स त्याच्या ओळखीचा. हवे तर मी भरतो, असे म्हणण्याइतका भला. थोरोने नकार दिला. जे सरकार माणसांना गुलाम म्हणून विकू देते आणि गुलामगिरीचा मुलूख वाढावा म्हणून मेक्सिकोशी युद्ध करते, त्या सरकारला आपल्या हाताने पैसा देणे म्हणजे त्या पापात भागीदार होणे, अशी त्याची भूमिका होती. त्याला एक रात्र तुरुंगात ठेवले. कोणीतरी, बहुधा त्याच्या आत्याने, परस्पर पैसे भरले. सकाळी सुटका झाल्यावर त्याला आनंद होण्याऐवजी राग आला. मग तो जोडा घेऊन, मंडळी जमवून, टेकडीवर हकलबेरीची फळे वेचायला गेला. या एका रात्रीवर त्याने १८४८ मध्ये गावच्या सभागृहात भाषण केले. १८४९ मध्ये ते निबंधरूपाने छापले गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर सविनय कायदेभंग या अर्थाच्या नावाने प्रसिद्धीस आले.

सरकारचा कर नाकारण्यापूर्वी त्याने मंडळीचाही कर नाकारला होता. त्या काळी पाळकाच्या वेतनासाठी गावकऱ्यांवर पट्टी बसे. थोरोने आपण त्या मंडळीचे सभासद नाही असे गावच्या दप्तरी लेखी कळविले. ख्रिस्ती मासिकाच्या वाचकांना हे रुचणार नाही, आणि ते लपविण्याचेही कारण नाही. मात्र याच माणसाने आपल्या पहिल्या पुस्तकात अशी तक्रार केली आहे की नवा करार सर्वांच्या घरी असतो, पण त्याला खरे वाचक फार थोडे. त्यातील एखादे वचन व्यासपीठावरून मनापासून वाचले गेले तर ती इमारत उभी राहणार नाही, अशा आशयाचे तो लिहितो. मंडळीत बसून हे वाचणाऱ्याने थोडे अस्वस्थ व्हावे हे बरे.

गुलामगिरीविषयी त्याचे घर बोलून थांबणारे नव्हते. आई व बहिणी गावच्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत होत्या. १८५१ मध्ये हेन्री विल्यम्स नावाचा पळून आलेला गुलाम त्यांच्या घरी आश्रयाला होता. थोरोने त्याच्यासाठी तिकीट काढून, स्थानकावर पाळत आहे की काय हे पाहून, त्याला कॅनडाच्या वाटेने लावले. तसे करणे कायद्याने गुन्हा होता. १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला तेव्हा सारा देश त्याला वेडा ठरवीत असताना थोरोने जाहीर सभा घेऊन त्याची बाजू मांडली. ब्राउनने शस्त्र उचलले होते, रक्त सांडले होते. थोरोला अहिंसेचा आचार्य म्हणणाऱ्यांना या ठिकाणी अडखळावे लागते. गुलामांची मुक्ती पाहायला तो उरला नाही. पण ती झाल्यावर महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यांच्यात कॉन्कॉर्डच्या या घरालाही गणावयास हरकत नाही.

लेखक म्हणून त्याच्या आयुष्याचा ताळेबंद निराशाजनक होता. पहिल्या पुस्तकाच्या १००० प्रती त्याने स्वतःच्या जबाबदारीवर छापून घेतल्या. १८५३ मध्ये त्यांतील ७०६ परत आल्या आणि त्याने त्या पाठीवरून माडीवर नेऊन रचल्या. वॉल्डन हे पुस्तक सात वेळा पुन्हा लिहून १८५४ मध्ये बाहेर आले. त्याच्या २००० प्रती खपायला सुमारे पाच वर्षे लागली. पोट भरले ते जमीन मोजणीच्या कामावर. शेजाऱ्यांच्या दृष्टीने हार्वर्डचा पदवीधर वाया गेला होता. परीक्षेचा निकाल मनासारखा न लागल्याने ज्यांच्या घरी आज अबोला धरला आहे त्यांनी हे आकडे एकदा मुलाला मोठ्याने वाचून दाखवावेत.

१८६० च्या डिसेंबरात कडाक्याच्या थंडीत झाडांच्या खोडांची वर्तुळे मोजताना त्याला सर्दी झाली आणि कुटुंबातला जुना क्षय उफाळला. देवाशी समेट केलास का, असे मृत्युशय्येवर एका मावशीने विचारले असता, आपले भांडण झाल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे तो उत्तरला, अशी आख्यायिका आहे. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, तो वारला. ज्या मंडळीतून त्याने नाव काढून घेतले होते तिच्याच मंदिरात इमर्सनने आग्रहाने त्याची अंत्यविधी सभा घडवून आणली.

पुढची कथा वाचकांची आहे. १९०७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी त्याचा निबंध वाचून आपल्या इंडियन ओपिनियन पत्रातून त्याचा परिचय करून दिला. सत्याग्रहाची कल्पना त्यांनी थोरोपासून घेतली हे मात्र खरे नव्हे. लढा आधीच सुरू झाला होता, असे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर तिरंगा चढविणाऱ्यांपैकी किती जणांनी थोरोचे नाव ऐकले होते कोण जाणे. तोच झेंडा सत्याग्रह नंतर नागपुरात पेटला. १९४४ मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस महाविद्यालयात पंधरा वर्षांचा एक निग्रो विद्यार्थी दाखल झाला; तेथे हा निबंध त्याच्या हाती आला आणि तो त्याने पुन्हा पुन्हा वाचला. तो विद्यार्थी म्हणजे पुढे बाप्टिस्ट पाळक झालेला मार्टिन ल्यूथर किंग.

मराठीला मात्र हे ऋण दुर्गा भागवत यांचे. इंदूरला जन्मलेल्या दुर्गाबाई तरुणपणी मध्य प्रांतातील गोंडांच्या लोककथांच्या अभ्यासासाठी रानोमाळ हिंडल्या, तेथेच आजारी पडून काही वर्षे अंथरुणाला खिळल्या. १९६५ मध्ये त्यांनी वॉल्डनचा अनुवाद वॉल्डनकाठी विचारविहार या नावाने प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा उघड निषेध केला, आणि १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यानंतर सरकारी सन्मान त्यांनी कधी स्वीकारले नाहीत. अनुवाद आणि तुरुंग यांचा संबंध मी जोडून दाखवीत नाही. तुम्ही दोन्ही तारखा मुलांना सांगा आणि त्यांना काय वाटते ते ऐका.

मुलांना पुस्तक द्यायचे तर पहिले लांबलचक प्रकरण आधी देऊ नका. पुष्कळ वाचक तेथेच गळतात. शेवटाकडे तळ्याच्या हिवाळ्याचे प्रकरण आहे, तेथून आरंभ करावा. वॉल्डनला तळच नाही असे गावकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते आणि कोणी मोजून पाहिले नव्हते. १८४६ च्या आरंभी, बर्फ वितळण्यापूर्वी, थोरोने होकायंत्र, साखळी, एक दोरी आणि दीड पौंड वजनाचा दगड घेऊन शंभराहून अधिक ठिकाणी खोली मोजली आणि नकाशा काढला. सर्वांत खोल जागा १०२ फूट निघाली. त्याच प्रकरणात शंभर आयरिश मजूर तळ्याचा बर्फ कापायला येतात, आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईचे लोक आपल्याच विहिरीचे पाणी पिणार, असे थोरोच्या मनात येते, कारण अमेरिकन बर्फ त्या काळी जहाजांनी येथवर येत असे. हिरन नदीच्या डोहांविषयीही आपल्याकडे अशा पुष्कळ कथा आहेत. दोरी आणि दगड घेऊन, आणि बरोबर एक पोहणारा वडीलधारा माणूस घेऊन, मुलांनी उन्हाळ्यात एखादा डोह मोजावयास हरकत नाही.